पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष नको

कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यास इंजिन ही नवी वस्तू नाही. पंचगंगा, भोगावती, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या काठी ऑईल इंजिनाने पाणी उपसून ऊस पिकविणाऱ्या अनेक पिढ्या येथे झाल्या. ती इंजिने व त्यांचे सुटे भाग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांतून तयार होऊन गावोगाव गेले. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी दोष कोठे असावा हे सांगणारे जाणते लोक आजही खेड्यात भेटतात. परंतु हे सारे शिक्षण डिझेलवर झालेले आहे. डिझेल सांडले तर फडक्याने पुसावे, वास आला तर येऊ द्यावा, इंजिनाशेजारी बसून बिडी ओढावी, अशा सवयी त्यातूनच पडल्या. आता भाजीपाला, दूध व खते यांची ने-आण करणाऱ्या लहान मालवाहू गाड्यांपैकी अनेक पेट्रोलवर चालतात; आणि डिझेलच्या सवयी त्या गाडीजवळ जशाच्या तशा आल्या आहेत. ही गोष्ट धोक्याची आहे, आणि तिचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी वेळीच करावयास हवा.

डिझेल व पेट्रोल यांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. डिझेलची पेट घेण्याजोगी वाफ नेहमीच्या हवामानात सहसा सुटत नाही. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते. मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात काय होत असेल हे सांगणे नलगे. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि उताराने दूरवर वाहते. हवेत तिचे प्रमाण केवळ दीड टक्क्याच्या आसपास झाले तरी एक ठिणगी पुरते. गाडी गोठ्याशेजारी उभी, पलीकडे वैरण रचलेली आणि परड्यात चूल पेटलेली, असे दृश्य कोणत्याही गावात दिसते. अशा ठिकाणी पेट्रोलचा वास येणे म्हणजे अपघाताची पूर्वसूचना होय.

“गाडी जुनी झाली, वास यायचाच,” असे उत्तर पुष्कळदा मिळते. हे उत्तर मुळीच बरोबर नाही. निर्दोष असेल तर पंधरा वर्षांच्या गाडीलाही वास येत नाही. दुसरे उत्तर असे असते की, प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे गाडी ठीक आहे. परंतु ती तपासणी धुराड्यातून निघणाऱ्या वायूची असते; टाकीतून अथवा नळीतून निसटणारी वाफ तीत दिसत नाही. शिवाय नाकाचा एक दोष असा की, रोजच्या वासाची त्याला सवय होते व तो जाणवेनासा होतो. म्हणून मालकाने आपल्याच नाकावर विसंबू नये. गाडीत रोज न बसणाऱ्या शेजाऱ्यास बोलावून विचारावे.

वाफ कोठून निसटते

टाकीतील पेट्रोल उन्हाने तापले की वाफ वाढते. तिला मोकळे सोडू नये म्हणून पुढील काळातील गाड्यांत एका नळीने ती कोळशाच्या डब्यात नेलेली असते. मिस्त्री त्यास कॅनिस्टर म्हणतात. त्यातील सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू होऊन गरम झाले की पर्ज वॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी झडप उघडते आणि साठलेली वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. म्हणजे वाया जाणारे इंधन कामी येते. कार्ब्युरेटरच्या फार जुन्या गाडीत हा डबा नसतोही. तेथे टाकी, नळ्या व कार्ब्युरेटर एवढेच पाहावयाचे असते. या मार्गावर झाकण, नळ्या, जोड, डबा व झडप अशी मोजकी ठिकाणे आहेत. दोष यांपैकी एखाद्यातच असतो. तो न शोधता थेट टाकी बदलणे म्हणजे बांधाला खेकड्याने भोक पाडले म्हणून सारा बांध नव्याने घालण्यासारखे आहे.

शोधाचा क्रम

शोध नेहमी स्वस्त व सोप्या भागापासून सुरू करावा. प्रथम तीन-चार दिवस वास केव्हा येतो याची नोंद ठेवावी. टाकी भरल्यानंतर लगेच येत असेल तर संशय भरण्याच्या मार्गावर अथवा कोळशाच्या डब्यावर घ्यावा. उन्हात गाडी उभी असता येत असेल तर झाकण व टाकीवरील नळ्या पाहाव्यात. इंजिन चालू असतानाच येत असेल तर इंजिनाकडील पेट्रोलची नळी तातडीने तपासावी. कारण नव्या पद्धतीच्या गाडीत तेथे पेट्रोल दाबाखाली असते, आणि अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत मुळीच चालवू नये.

त्यानंतर पातळ पेट्रोल गळते आहे की केवळ वाफ निसटते आहे हे ठरवावे. ओलावा किंवा धूळ चिकटून काळा पडलेला डाग दिसल्यास गळती पेट्रोलचीच समजावी. डाग नसेल तर झाकण काढून त्याचे रबरी वॉशर बोटाने चाचपावे. ते कडक झाले असेल, चिरले असेल किंवा चपटे झाले असेल तर त्याच गाडीसाठी असलेले नवे झाकण बसवावे. कित्येकदा दोष येथेच संपतो.

झाकण चांगले असल्यास भरण्याची नळी पाहावी. गगनबावड्याकडील पावसात व उसाच्या फडातील चिखलवाटांवर चालणाऱ्या गाडीत ही नळी चिखलाने गंजते. गंज मातीखाली झाकलेला असल्याने वरून दिसत नाही. ती धुऊन, पुसून मगच पाहावी. पुढे टाकीच्या माथ्यावरील गेजचे गॅस्केट, रबरी नळ्या व त्यांच्या क्लिपा तपासाव्यात. नळी हलकेच वाकविली असता तिच्यावर बारीक चिरा दिसल्या तर ती बदलावी.

कोळशाचा डबा बिघडण्याची दोन कारणे या जिल्ह्यात विशेष आढळावीत अशी आहेत. पंपावरील बंदूक आपोआप बंद झाल्यावरही रुपयांचा हिशेब पुरा करण्यासाठी आणखी पेट्रोल घालण्याची पद्धत आहे. असे जादा पेट्रोल वाफेच्या नळीतून डब्यात जाते व कोळसा निकामी होतो. दुसरे कारण पुराचे. २०१९ व २०२१ साली पंचगंगा व कृष्णा यांच्या पुरात अनेक गाड्या बुडाल्या. अशा गाडीचे इंजिन धुऊन घेतले तरी डब्यात शिरलेले गढूळ पाणी बहुधा कोणी पाहत नाही. डबा हलवून जड लागला किंवा त्यातून पाणी अथवा पेट्रोल ठिबकले तर तो बदलण्यावाचून उपाय नाही. झडपेची परीक्षा हातपंपाने करावी; वीज नसताना तिच्यातून हवा जाऊ नये. एवढे करूनही दोष न सापडल्यास धुराच्या यंत्राने तपासणी करणारे गॅरेज गाठावे. तेथे अतिशय कमी दाबाने धूर सोडतात व चीर कोठे आहे ते डोळ्यांस दिसते. टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने टाकीत हवा मारण्याचा प्रयोग कोणीही करू नये, टाकी फुटते.

दुरुस्तीत होणाऱ्या चुका

ठिबक सिंचनाची नळी, पाण्याचा पाईप किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलला चालत नाही. तारेने आवळलेला जोडही टिकत नाही. पेट्रोलसाठीच बनविलेली नळी व योग्य मापाची क्लिप यांस पर्याय नाही. येथे इथेनॉलचाही विचार करावा लागतो. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसापासूनही होते व जिल्ह्यातील कारखाने ते बनवितात. ऊस उत्पादकाने त्याविरुद्ध कुरकुर करणे शोभणारे नाही. तथापि जुन्या गाडीतील काही प्रकारचे रबर अशा इंधनाने लवकर फुगते वा ठिसूळ होते, हेही खरे आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या मिश्रणास टिकणाऱ्या साहित्याच्या आहेत. त्यापूर्वीच्या गाडीत नळ्या व वॉशर बदलताना इथेनॉलला टिकणारे मागून घ्यावेत. थोड्या खर्चात हा प्रश्न सुटतो.

टाकीला भोक पडले असल्यास ती कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नये. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि भरल्या टाकीपेक्षाही भयंकर रीतीने उडते. काम करताना गाडी उघड्या जागी, थंड स्थितीत असावी. बॅटरीचा निगेटिव्ह जोड काढावा. चूल, बिडी व दिवा दूर ठेवावा. जवळ कोरडी वाळू व पावडरचे अग्निशामक असावे. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारल्यास आग पसरते. गाडी सी.एन.जी.वरही चालत असेल तर त्या वायूचा भाग घरी उघडू नये.

या प्रश्नात शेताचेही हित आहे. निसटलेली पेट्रोलची वाफ उन्हात इतर धुराशी मिसळून जमिनीलगत ओझोन तयार होण्यास हातभार लावते, आणि तो वायू सोयाबीनसारख्या पिकांच्या पानांस अपाय करतो. एका गाडीने फरक थोडाच पडेल. पण गाड्या एक नाहीत.

बियाणे उगवते की नाही हे पेरणीपूर्वी पाहण्याची रीत विस्तार कार्यकर्त्यांनी गावागावांत रुजविली. तसाच मृगापूर्वी एक दिवस गावातील पेट्रोल गाड्यांची झाकणे व नळ्या तपासण्यासाठी ठरवावा, जाणत्या मिस्त्रीस बोलवावे व तरुणांना हा क्रम प्रत्यक्ष दाखवावा. ज्या शेतकऱ्याने ऑईल इंजिन कानाने ओळखले, त्यास हे अवघड नाही. फक्त पेट्रोल हे डिझेल नव्हे, एवढी गोष्ट त्याच्या मनात पक्की ठसली पाहिजे.