रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणता? मोठा बोअर, हलकं वजन अन् टिकाऊपणा, तिन्ही एकदम मिळत नाही

पेडगाव (ता. परभणी) : बोअर म्हटलं की परभणी-मानवतच्या पट्ट्यात पहिली आठवते ती शेतातली बोअर, किती फुटांवर पाणी लागलं हा हिशोब. मागच्या एक-दोन वर्षांत मात्र पारावर दुसऱ्या बोअरची चर्चा वाढली आहे. "लायसन मिळतंय का? कोणतं घ्यावं? मोठ्या बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर येतं म्हणे, कमरेला लावलं तर कळतसुद्धा नाही." मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर, आत अंगठ्याएवढी काडतुसं. ते बघून चौकशी करणारे वाढलेत. यात रीलवाले आहेत तसे खरीच भीती असलेलेही आहेत. रोख रक्कम घेऊन फिरणारा आडत व्यापारी, गावच्या राजकारणात धमकी आलेला सरपंच, आखाड्यावर एकटा राहणारा शेतकरी. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण लाख-दीड लाख रुपये घालण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

ही चर्चा एवढी वाढली ती शेजारच्या जिल्ह्यामुळे. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून हत्या झाली. त्यात गोळी चाललेली नव्हती, अमानुष मारहाण होती. पण त्यानंतर बीडमध्ये कोणाकोणाच्या कमरेला काय लटकतंय, याची मोजदाद सुरू झाली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा अधिकृत शस्त्र परवान्यांचे आकडे जाहीर केले. बीडमध्ये 1222 अन् परभणीत फक्त 32. गंगाखेड, सोनपेठच्या पलीकडे हद्द ओलांडली की परळी. माती तीच, पीक तेच, भांडणंही तीच. तरी परवान्यांत एवढा फरक! पुढे बीड पोलिसांनी छाननी केली तेव्हा गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने निघाले, आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ फिरले, त्यावरून गुन्हेही दाखल झाले.

परभणीतल्या काही जणांना यात आपल्यावर अन्याय दिसतो. "त्यांना बाराशे, आपल्याला बत्तीस?" पण बाराशे बंदुकांनी बीडचा सामान्य माणूस निर्धास्त झाला, असं तिथलाच माणूस म्हणणार नाही.

आता मुद्द्याचं. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर.

बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचाच्या हिशोबात. .32 म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. इंग्रजांच्या काळातलं .455 म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. आपल्याकडे कायद्यानं बोअरचे दोन गट पाडलेत, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. लष्कर-पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात ती मापं, म्हणजे .38, .455, 9 मिलिमीटर, ही सामान्य माणसासाठी प्रतिबंधित. ती जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, त्याचा निर्णय दिल्लीत गृह मंत्रालयात होतो आणि तो क्वचित कुणाला मिळतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणाऱ्या परवान्यावर दुकानात जे रिव्हॉल्व्हर दिसतं ते बहुतेक वेळा .32 चंच. त्याहून छोटं .22 सुद्धा येतं. म्हणजे "मोठा बोअर घेऊ का छोटा" हा प्रश्न अमेरिकेतल्या माणसाचा आहे. पेडगावच्या माणसापुढे कायद्यानंच तो बराचसा सोडवून ठेवलाय.

विदेशी माल आणू म्हणाल तर तेही नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला बाहेरून शस्त्र आणायला जवळजवळ बंदी आहे. त्यामुळे बाजारात जी जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं फिरतात ती चाळीस-चाळीस वर्षांची अन् त्याहून जुनी, आणि किंमत मात्र नव्या ट्रॅक्टरची वाटावी अशी. नावाला पैसे मोजायचे, आतली स्प्रिंग आजोबांच्या वयाची.

देशी मालात मुख्य नाव कानपूरचं. तिथल्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत .32 रिव्हॉल्व्हर कित्येक वर्षांपासून बनतं. आयुध निर्माणी बोर्ड मोडून 1 ऑक्टोबर 2021 पासून ज्या सरकारी कंपन्या झाल्या, त्यातल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आता हा कारखाना आहे. जानेवारी 2014 मध्ये कानपूरहूनच 'निर्भीक' आलं. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर महिलांना पर्समध्ये बाळगता यावं म्हणून काढलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन सुमारे 500 ग्रॅम. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या बाईला रात्रीच्या बसची भीती आहे तिनं सव्वा लाख कुठून आणायचे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. ऑगस्ट 2023 मध्ये 'प्रबळ' आलं. वजन सुमारे 700 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर, आणि मारा 50 मीटरपर्यंत असा कंपनीचा दावा.

या दोन पिढ्यांत टिकाऊपणाच्या बाबतीत एक फरक आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाही. जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतं, वेबली नावाच्या इंग्रजी बनावटीसारखं. काडतुसं भरायला सोपं. पण सगळा जोर बिजागिरी अन् वरच्या खिटीवर येतो. वर्षानुवर्षं वापरलं की ती खिटी ढिली पडते, नळी अन् चक्र यांच्यात फट वाढते. 'प्रबळ'मध्ये सांगाडा अखंड आहे आणि गोळ्यांचं चक्र बाजूला निघतं. घडण म्हणून ही जास्त पक्की. मात्र सिनेमात दाखवतात तसं मनगटाला झटका देऊन चक्र खाटकन बंद केलं, तर ज्या दांडीवर ते फिरतं ती दांडी वाकते. मग चक्रातलं घर नळीसमोर नीट येत नाही. गोळीचा शिशाचा कीस बाजूला उडतो, आणि तो चालवणाऱ्याच्याच हाताला किंवा शेजारच्याला लागतो. जुनं घेताना जाणकाराकडून हेच आधी तपासून घ्यावं. घोडा ओढलेल्या स्थितीत चक्र हलतं का, खिटी घट्ट बसते का, नळीत खड्डे पडलेत का. अर्थात रिकाम्या शस्त्रावर.

हलकं की जड, याचंही गणित सरळ आहे. एकच काडतूस, एकच दारू. शस्त्र हलकं असलं की धक्का हाताला जास्त बसतो, नेम हलतो. जड असलं की नेम राहतो, पण दिवसभर कमरेला ओझं. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर लपतं चांगलं, पण दहा-पंधरा पावलांपुढे सराव नसलेल्या माणसाचा नेम देवाच्या हवाली. मोठ्या काडतुसाचं छोटं शस्त्र तर अमेरिकेतले सरावलेले लोकही फार वेळ चालवू शकत नाहीत, मनगट भरून येतं. तिथं त्यांना गोळीबाराच्या सरावाचं मैदान हाकेच्या अंतरावर आहे. इथं परवानाधारकाला काडतुसं मिळतात ती परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, आणि त्यातली दोन-चार सरावाला उडवायचं म्हटलं तरी जीवावर येतं. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमधून खरेदीनंतर एकही गोळी सुटलेली नसते.

बाळगण्यातली खरी अडचण म्हणजे घाम. मराठवाड्याचा एप्रिल-मे, त्यात मोटारसायकल, त्यात शर्टाच्या आत कमरेला लोखंड. घामातल्या मिठानं काळ्या पॉलिशचं पोलाद महिनाभरात गंजायला लागतं. चामड्याच्या म्यानात कायम ठेवलं तर अजून वाईट, कारण चामडं ओल धरून ठेवतं. बाळगताना म्यान, घरी आलं की म्यानाबाहेर, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा पुसटसा हात, आणि कुलुपात. जास्त तेलही नको, ते काडतुसात झिरपलं की बार फुसका जातो. शस्त्र नियमही सांगतात की सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात, झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे. शर्ट वर करून मूठ दाखवणं हा नियमभंगच.

आणि पडलं तर? या एका प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली ती त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं आणि बार झाला. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची टाचणी थेट काडतुसावर टेकलेली असते. जमिनीवर घोड्याच्या बाजूनं आपटलं की बार. नव्या घडणीत घोडा अन् काडतूस यांच्या मधे एक अडसर असतो, चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो बाजूला होत नाही. घेताना "पडलं तर उडतं का?" हा पहिला प्रश्न असावा, "किती लांब मारतं?" हा नंतरचा. जुनं असेल तर घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची जुन्या शिकाऱ्यांची रीत आहे. सहाच्या जागी पाच गोळ्या, पण घरात लेकरं असतील तर ती एक गोळी कमीच बरी.

शेतीसाठी म्हणून मागणाऱ्यांचं वेगळं. रानडुक्कर, रोही यांनी पिकाचा सत्यानाश केलाय हे खरंच आहे. पण रिव्हॉल्व्हर त्यावर उपाय नाही. .32 ची गोळी रानडुकराला फक्त पिसाळवते, आणि वन विभागाच्या परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा वेगळाच. पीक राखणीसाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, अर्ज करायचा तर त्याचा करावा. मोटार चोरून नेणाऱ्यावर गोळी झाडली तर काय, हेही विचारलं जातं. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण साध्या चोरीसाठी जीव घेण्याचा नाही. जीवाला किंवा गंभीर इजेला धोका होता, हे पुढं कोर्टात दिसावं लागतं. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीपायी खुनाच्या कलमाखाली वर्षानुवर्षं तारखा, हा सौदा कुणाला परवडतो?

लायसनला वेळ लागतो, म्हणून काहींना गावठी कट्ट्याचा रस्ता सुचतो. मध्य प्रदेशातलं उमर्टी त्यासाठी बदनाम आहे. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या या गावात नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी जाऊन कारवाई केली. कट्ट्याची नळी साध्या पाइपची. बंदुकीच्या पोलादाला जी उष्णता-प्रक्रिया लागते ती त्याला नसते, त्यामुळे तो कधी पुढे उडेल, कधी हातात, सांगता येत नाही. आणि कायदा: विनापरवाना शस्त्र सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, पाचपर्यंत. प्रतिबंधित बोअरचं सापडलं तर सात ते चौदा. फेसबुकवर, टेलिग्रामवर "होम डिलिव्हरी" सांगणारे बहुतेक पैसे घेऊन गायब होतात. न गायब होणारा जास्त धोक्याचा.

सरळ रस्ता लांब आहे, पण आहे. वय 21 पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. अर्जात "जीवाला धोका" एवढंच मोघम लिहून भागत नाही. धमकीची तक्रार, रोख व्यवहाराची कागदपत्रं, जे खरं असेल ते जोडावं. नाकारलं तर कारण लेखी मागता येतं आणि 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मिळालेला परवाना पाच वर्षांचा. हळदी-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात एक गंमत अशी की ज्या दिवसांत गावात सगळ्यात जास्त ताण असतो, त्याच दिवसांत शस्त्र जवळ नसण्याची शक्यता जास्त. आचारसंहिता लागली की छाननी समिती यादी काढते, आणि पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याचा निरोप येतो. जमा करताना पावती घ्यावी, क्रमांक जुळवून बघावा, आणि परत घेताना गंज चढलाय का तेही. परवानाधारक वारला तर घरच्यांनी ते कपाटात तसंच ठेवायचं नसतं. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाला हवं असेल तर नवा अर्ज करावा लागतो. बापाचं रिव्हॉल्व्हर पोराकडे आपोआप येत नाही, सातबाऱ्यासारखा त्याचा फेरफार होत नसतो.