सुई आणि समजूत

आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी इंजेक्शने २०२५ साली भारताच्या बाजारात आली आणि त्यांच्यामागोमाग गैरसमजही आले. कोणी त्यांना जादू समजतो, तर कोणी आळशांची पळवाट म्हणून त्यांची टवाळी करतो. ही दोन मते परस्परविरोधी भासली तरी त्यांचे मूळ एकच आहे. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा विकार आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य नाही.

या औषधांनी चरबी वितळते, ही पहिली भ्रामक समजूत. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला तृप्तीचा निरोप देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते. मात्र ते काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइड ही त्याचीच दीर्घकाळ टिकणारी प्रतिकृती होय. भूक कमी होते, म्हणून आहार घटतो आणि म्हणून वजन उतरते. यात चमत्कार काहीच नाही.

मनोनिग्रह असेल तर औषध कशाला, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,९६१ प्रौढांना आहार व व्यायाम यांविषयी सारखेच मार्गदर्शन मिळाले होते. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषधाविना नुसती सुई टोचून घेणाऱ्यांचे अवघे २.४ टक्क्यांनी. उपदेश उभयतांना तोच होता. तेव्हा स्थूल माणसाला नीतीचे धडे देणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

परंतु औषधाच्या भक्तांनीही पुढचे प्रकरण वाचावयास हवे. त्याच चाचणीतील काही जणांचे औषध व मार्गदर्शन थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब पुन्हा चढतो, तसाच हा प्रकार. म्हणजे लग्नाच्या मुहूर्तापूर्वी दोन महिने सुई घ्यावी आणि मग मोकळे व्हावे, असे हे औषध नव्हे. पगारावर संसार चालविणाऱ्याने पहिल्या महिन्याच्या किमतीचा नव्हे, तर अनेक वर्षांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

शिवाय ते सर्वस्वी निर्धोकही नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे. पित्ताशयातील खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे अधिक गंभीर. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून प्रथिनयुक्त आहार व व्यायाम यांची आवश्यकता संपत नाही. गरोदरपणात आणि थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असल्यास ही इंजेक्शने वर्ज्य आहेत. हे सारे तपासणे डॉक्टरांचे काम आहे. ते मित्राच्या शिफारशीवर किंवा व्यायामशाळेतील सल्ल्यावर सोपविणे धोक्याचे आहे.

लठ्ठपणाकडे आपला समाज अद्याप थट्टेचा विषय म्हणून पाहतो. थट्टेला कंटाळलेला माणूसच मग चोरून उपाय शोधतो आणि भोंदूंच्या हाती सापडतो. ज्याला खरोखर विकार आहे, त्याला उपचार घेताना शरम वाटू नये आणि ज्याला तो नाही, त्याच्या गळ्यात हे औषध मारले जाऊ नये. एवढा विवेक आपण दाखविला नाही, तर दोष औषधाला देता येणार नाही.