बत्तीस बोअर घ्यावे की बावीस?

शस्त्राचा परवाना हाती पडला की माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो शस्त्राच्या किमतीचा. काडतूस केवढ्याला पडते, हे फार थोडे लोक विचारतात. आमच्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याला अलीकडेच परवाना मिळाला. रात्री उशिरा रोकड घेऊन घरी यावे लागते, हे त्याचे कारण. "मामू, स्वस्तात बसेल असे कोणते घेऊ?" असे त्याने मला विचारले. मी काही शस्त्रांचा जाणकार नव्हे, पण या निमित्ताने थोडे वाचले, चार माणसांशी बोललो, आणि माझे एक मत तयार झाले. ते इथे मांडतो.

आपल्याकडे निवड मुळातच अरुंद आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांचे दोन भाग पाडले आहेत, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. सिनेमातल्या प्रत्येक नायकाच्या हातात दिसणारे नऊ एमएम पिस्तूल सामान्य नागरिकाला घेता येत नाही. ते प्रतिबंधित आहे, अडतीस बोअरही तसेच. लष्कर आणि पोलीस जी काडतुसे वापरतात ती रयतेच्या हाती पडू नयेत, हा इंग्रजांचा हिशेब आपण स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवला. त्यामुळे कमरेला लावायच्या शस्त्रात साध्या माणसापुढे मुख्यतः दोनच पर्याय उरतात, बत्तीस बोअर आणि बावीस बोअर.

बत्तीस बोअर म्हणजे गोळीचा व्यास सुमारे ०.३२ इंच. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पैसे भरून झाल्यावर ती कळली तर उपयोग नाही. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही वेगवेगळी काडतुसे आहेत. पितळी पुंगळीची लांबी निराळी, बुडाची कड निराळी. एकाचे काडतूस दुसऱ्याला लावता येत नाही. नाव मात्र एकच.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर देशभर संताप उसळला. त्यानंतर जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे बत्तीस बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन पाचशे ग्रॅम, सहा गोळ्यांचे, आणि किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात. शेवटच्या लोकलने उभ्याने घरी जाणाऱ्या बाईच्या किती महिन्यांच्या पगारात हे बसते, याचा विचार कुणी केला होता की नाही, देव जाणे. त्याच सुमारास बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने 'निडर' आणले. ते बावीस बोअरचे, वजन अडीचशे ग्रॅम, किंमत सुमारे ३५ हजार. पुढे २०२३मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले, पुन्हा बत्तीस बोअर, पुन्हा लाखाच्या वर. या तिन्ही आकड्यांवर नजर टाकली तरी बत्तीस आणि बावीस यांच्यात केवढे अंतर आहे ते दिसते.

पण खरा फरक काडतुसाच्या किमतीत आहे. बावीसचे काडतूस बत्तीसच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. ते लहान असते, त्यात दारू कमी असते आणि त्याची रचनाही सोपी असते. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. बावीसमध्ये ती नसते, पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. त्यामुळे ते बनवायला स्वस्त, पण कधीमधी फुसके निघण्याचा संभवही त्यात जास्त. रिव्हॉल्व्हरमध्ये याचे फार अडत नाही. चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते.

"बावीसने काय होणार? मारायचेच तर मोठे घ्या," असे सांगणारे लोक दुकानाच्या बाकावर नेहमी बसलेले असतात. त्यांना दोन घटना माहीत असायला हव्यात. १९६८मध्ये लॉस एंजेलिसला रॉबर्ट केनेडी यांचा जीव गेला तो बावीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरने. १९८१मध्ये वॉशिंग्टनला अध्यक्ष रेगन मरता मरता वाचले, तेही बावीसच होते. चुकून सुटलेली बावीसची गोळी एक किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. म्हणून बावीसला खेळणे समजणारा माणूस मला बत्तीसवाल्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. तरीही समोरच्याला जागीच थोपवण्याची ताकद बत्तीसमध्ये अधिक आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग मी बावीसच्या बाजूने का? उत्तर कोल्हापुरात आहे. राही सरनोबतने २०१३च्या विश्वचषकात आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ऑलिम्पिक कांस्यपदक आणले. दोघांचेही काडतूस बावीसचेच. या खेळाडूंचे सगळे कसब हजारो गोळ्यांच्या सरावातून येते, आणि तेवढा सराव करता येतो तो झटका कमी आणि गोळी स्वस्त असल्यामुळे. उलट लाखभर रुपयांचे बत्तीस घेऊन ज्याने आयुष्यात दहा गोळ्या झाडल्या, त्याच्या हाताला ऐनवेळी काय आठवणार? घाबरलेला, सवय नसलेला हात अंधारात चाप ओढतो तेव्हा गोळी चोराला लागेल की शेजारच्या खिडकीतल्या मुलाला, हे तो स्वतःही सांगू शकत नाही.

आपल्या दीनमध्ये याबद्दल स्पष्ट शिकवण आहे, पण जुम्म्याच्या बयानात ती क्वचितच ऐकू येते. तिरंदाजी शिकून जो ती सोडून देतो तो आपल्यातला नव्हे, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची पाती हाताने धरून ठेवावी, कुणाला ओरखडाही येऊ नये, असेही सांगितले आहे. आणि थट्टेतसुद्धा भावावर शस्त्र रोखायचे नाही. सराव सोडू नका आणि दुसऱ्याला इजा होऊ देऊ नका, या दोन अटी एकमेकींना धरून आहेत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे आपले शौकीन दोन्ही अटी एकदम मोडतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर तो वेगळा गुन्हाच झाला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सरकारी व्यवस्था मात्र सरावाला पोषक नाही. २०१६च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले, ते चांगलेच झाले. पण ते एकदा घेतले की संपले. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा लिहिलेली असते. माणसाने ती जपून कपाटात ठेवावीत, अशीच जणू अपेक्षा. काडतुसे तर पुण्यात, आपल्या खडकीतही बनतात. १८६९पासूनचा कारखाना आहे तो. तरीही जिल्ह्याच्या गावी परवानाधारकाला वर्षातून चार वेळा नेम धरता येईल अशी जागा सापडणे मुश्कील. दर परवानाधारकाला वर्षाकाठी ठरावीक गोळ्या रेंजवर झाडून दाखवणे सक्तीचे करा आणि तेवढ्या गोळ्या मर्यादेबाहेर धरा, असे माझे सरळ म्हणणे आहे. ज्याला ते परवडत नाही किंवा ज्याला वेळ नाही, त्याचे नूतनीकरण थांबले तर समाजाचे काही बिघडत नाही.

आता थोडे कटू बोलतो. आमच्या वस्त्यांत शस्त्राचा विषय निघाला की बोलणे रोकड आणि चोर यांच्यापाशी थांबत नाही. कुणीतरी हळू आवाजात ९२-९३चे नाव काढतो. ती भीती खोटी नाही. मुंबईत काय झाले ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. पण सहा गोळ्यांनी जमाव थांबत नाही. पहिली गोळी कुणी झाडली, एवढेच पुढे वर्षानुवर्षे कागदावर राहते, आणि ते नाव आपले असेल तर काय होते हे वेगळे सांगायला नको. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पूर्वी दंड संहितेत होता, आता न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण त्याला मर्यादाही आहे, बचावाला लागते त्याहून अधिक इजा करायची नाही. मोहल्ल्याच्या भीतीवर रिव्हॉल्व्हर हा इलाज नव्हे, मग ते बत्तीस असो वा बावीस. तिथे मोहल्ला कमिटी, ओळखीचा फौजदार आणि रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याशी टिकवलेला संबंध जास्त कामाला येतो.

त्या व्यापारी पोराला मी सांगितले ते असे. शस्त्र घेण्याआधी जवळच्या रायफल क्लबमध्ये नाव घाल आणि तीन महिने बावीस चालवून बघ. मग कागदावर हिशेब मांड. शस्त्राची किंमत, भिंतीत बसवायची तिजोरी, कारण घरात पाच आणि आठ वर्षांची मुले आहेत, आणि वर्षभराच्या सरावाची काडतुसे. एवढे बत्तीसमध्ये झेपत असेल तर खुशाल बत्तीस घे. झेपत नसेल तर बावीस. तेही जड जात असेल तर रोकड दुपारीच बँकेत भर आणि त्या पैशात दुकानाला एक माणूस ठेव. त्याने अजून काही घेतलेले नाही. क्लबात मात्र दर रविवारी जातो म्हणे.