‘तूच’मधला ‘च’

यशाचे मंत्र सांगणाऱ्या वक्त्यांचा श्रोता कसा घडतो, हे पालेगावात चांगले दिसते. अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या शेजारचे हे गाव आता टॉवरचे झाले आहे. इथला नोकरदार आधी रिक्षा पकडतो, मग लोकल. अंबरनाथहून सीएसएमटी साधारण ६० किलोमीटर. नशीब असेल तर चौथी सीट मिळते, तीही निम्मी. कानात इअरफोन आणि त्यात कोणीतरी सांगत असते: पहाटे उठा, नकारात्मक माणसे टाळा. ऐकणारा साडेचारलाच उठलेला असतो, आणि टाळायचे म्हटले तरी डब्यात माणसे टाळायला जागा नसते.

हा धंदा जुना आहे. सॅम्युएल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ चे, डेल कार्नेगीचे गाजलेले पुस्तक १९३६ चे. मराठीत मात्र या उपदेशाने हरिपाठावरच्या प्रवचनांची वाट धरली. त्याचे उदाहरण जवळच आहे. बदलापूरच्या पुढे याच रेल्वेमार्गावर कर्जत लागते. तिथे जीवनविद्या मिशनचे ज्ञानपीठ आहे. मिशनचे संस्थापक वामनराव पै (निधन २०१२) यांनी १९५५ साली या कामाला सुरुवात केली. ते मंत्रालयात अर्थखात्यात नोकरी करत. ‘तूच आहेस तुझ्या जीवनाचा शिल्पकार’, हे त्यांचे मुख्य सूत्र. रिक्षांवरच्या स्टिकरमुळे ते अशा लोकांनाही पाठ आहे, ज्यांनी पैंचे एकही प्रवचन ऐकलेले नाही.

या उपदेशाचे आकर्षण खोटे नाही. पगार, व्यसन, नवरा-बायकोतले खटके, मुलांचा अभ्यास यांविषयी पै बोलत. मेल्यानंतरच्या हिशेबाविषयी फारसे नाही. घरात पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या माणसाला मुलाखतीत कसे बसावे, साहेबाशी कसे बोलावे, हे सांगणारा काका-मामा नसतो. ती जागा वक्ता भरून काढतो. विश्वास नांगरे पाटील यांचे आत्मचरित्र ‘मन में है विश्वास’ (२०१६) अभ्यासिकांमधून फिरते तेही याचमुळे. सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचा मुलगा आयपीएस होतो, हे वाचणाऱ्याला आपल्या आवाक्यातले वाटते. अर्थात, तेवढाच अभ्यास करून यादीत नाव न आलेल्याचे आत्मचरित्र कोणी छापत नाही.

चीड येते ती ‘तूच’मधल्या ‘च’ची. ‘तू’ म्हटले की धीर येतो. ‘तूच’ म्हटले की बाकी सगळे सुटतात. कल्याण-बदलापूर दरम्यान लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या दोनच मार्गिकांवरून धावत आल्या. तिसरी-चौथी मार्गिका मुंबईच्या एमयूटीपी-३अ या रेल्वे प्रकल्पात मंजूर झाली, तेव्हा २०१९ साल उजाडले होते. मालगाडी पुढे काढल्यामुळे लागलेला लेट मार्क विचार बदलून पुसला जात नाही. वक्त्याच्या व्यासपीठावर मात्र तो वेळेच्या नियोजनातला दोष ठरतो.

दुसरी चीड बेफिकीर दाखल्यांची. चाळिशीत डोंगरावर जाऊन चोच आपटून तोडणारा आणि नवी चोच घेऊन सत्तरीपर्यंत जगणारा गरुड असंख्य व्याख्यानांत भेटतो. प्रत्यक्षात चोच तुटलेला गरुड खाणार काय? तो उपासमारीने मरेल. टाळ्यांच्या कडकडाटात हे कोणी विचारत नाही. पुढे फुकटच्या सत्रातून शनिवार-रविवारच्या शिबिरात आणि तिथून ‘ॲडव्हान्स’ कोर्समध्ये नेणारी शिडी लागते. फरक पडला तर श्रेय कोर्सचे. नाही पडला तर श्रोत्याची श्रद्धा कमी. पडताळणीची सोयच ठेवायची नाही, हा यातला खरा दोष. उपदेश साधा आहे, हा नव्हे. लवकर झोपावे, कर्ज जपून काढावे, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

परदेशातली महाराष्ट्र मंडळेही अशा वक्त्यांना अगत्याने बोलावतात. बोलवावे, पण दीड तासाच्या कार्यक्रमात शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी राखावा, आणि माइक श्रोत्याच्या हातात द्यावा.