संगीत रक्तात असतं का?

माझ्या गावात ‘कंडक्टर’ म्हणजे एकच माणूस, एसटीचा. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटं. त्याने दोरी ओढून घंटी वाजवली की गाडी सुटायची. वाद्यवृंदालाही कंडक्टर असतो, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं! तोही गाडी सोडतोच म्हणा, पण घंटीशिवाय. मंचावर शंभरेक माणसं वाजवत असतात आणि हा एकटा काहीच वाजवत नाही.

झुबिन मेहता हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मराठी लोकांच्या गप्पांत त्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “संगीत त्यांच्या रक्तातच होतं.” मला हे वाक्य पटत नाही.

मेहतांचा जन्म 1936 सालचा, मुंबईतला. घर पारशी, घरची भाषा गुजराती. तिथे बेथोवन रक्तात कुठून येणार? तो कानातून आला. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवायचे. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यात हौशी पारशी होते, पोटासाठी वाजवणारे गोव्याचे वादक होते, नौदलाच्या बँडमधलेही काही जण होते. घरात तालीम चालायची. तालीम म्हणजे काय? चार ओळी वाजवायच्या, थांबायचं, चूक सुधारायची, पुन्हा त्याच चार ओळी. लहान झुबिनने हे वर्षानुवर्षं ऐकलं.

तुम्ही म्हणाल, असे वडील सगळ्यांना कुठे मिळतात? खरं आहे. पण त्यांचा धाकटा भाऊ झरीन बघा. तेच आईवडील, तेच घर. झरीन झाला चार्टर्ड अकाउंटंट! (पुढे त्याने मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांचा कारभार सांभाळला, पण छडी काही हातात घेतली नाही.)

झुबिन आधी डॉक्टर व्हायला निघाले होते. ते सोडून 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला गेले. तिथे कंडक्टिंग शिकताना ते डबल बेस वाजवायचे. हे वाद्य माणसापेक्षा उंच असतं आणि बहुतेक वेळा मागे उभं असतं. मला ही जागा फार आवडते. मागे उभं राहिलं की पुढचे सगळे ऐकू येतात. कंडक्टरला तेच तर लागतं. त्याच्या पुस्तकात एका पानावर वीस-वीस ओळी असतात, प्रत्येक वाद्याची वेगळी. त्या सगळ्या एकदम वाचायच्या आणि बासरी कधी येणार, ते बासरीवाल्याच्या आधी ओळखायचं. 1962 मध्ये लॉस एंजेलिसचा मोठा ऑर्केस्ट्रा त्यांच्याकडे आला, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. इस्रायलच्या ऑर्केस्ट्राबरोबर तर त्यांनी 2019 पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं काम केलं.

आता हे तुम्हाला का सांगतोय? सुट्टीत भारतात गेलात की एखादी मावशी म्हणते, “अगं, मराठी तर तुझ्या रक्तातच आहे!” ती प्रेमाने म्हणते. पण मग तुम्हाला ‘ळ’ म्हणता येत नाही आणि तुम्हाला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला राग येतो तो याचा. तुमच्यात काही कमी नाही. तुमच्या कानांवर ‘ळ’ कमी पडलाय, एवढंच.

मी मराठी शाळेतून थेट इंग्रजी कॉलेजात गेलो. पहिलं वर्ष शेवटच्या बाकावर बसून नुसतं ऐकलं. नंतर बोलायला लागलो तेव्हा भरपूर चुकलो. पण इंग्रजी माझ्या रक्तात आहे असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे चुकायची लाज जरा कमी वाटली.

शनिवारी वर्गात ‘ळ’ पुन्हा घेऊ. केळं, बाळ, सकाळ. आणि ‘तालीम’ म्हणताना तिथे ‘ळ’ घालू नका, मागच्या वेळी निम्म्या वर्गाने घातला होता.