‘बघून चालता येत नाही का?’

नंदुरबार जिल्ह्यातल्या खापर गावात पावसाळा लागला की माणसं पडू लागतात. दुकानाच्या पायरीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, लग्नाच्या हॉलच्या दारात. आणि हात देण्याआधी सवाल ठरलेला: बघून चालता येत नाही का?

माझा सवाल मालकाला आहे. शेठ, फरशी बघून बसवता येत नव्हती का? बैठकीच्या खोलीतली चकचकीत टाइल तुम्ही उघड्या पायरीला ठोकलीत. वरून सातपुड्याच्या पायथ्याचा पाऊस, खालून गिऱ्हाइकाच्या चपलांचा चिखल. खडबडीत टाइलही मिळते, पण ती चमकत नाही ना! मोलगीकडच्या डोंगरातून बाजाराला आलेली बाई, डोक्यावर गाठोडं, पायात झिजलेली रबरी चप्पल. ती आपटते, खुब्याचं हाड मोडतं. मालक पाणी पाजतो, तिच्या नशिबाबद्दल हळहळतो, फारच दयाळू असला तर रिक्षाचं भाडं देतो. नंदुरबारचं नाहीतर सुरतचं ऑपरेशन आणि बुडालेली मजुरी मात्र तिच्या माथी.

कायदा मात्र मालकाला असा सोडत नाही. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली, तेव्हा ‘दोष वरून दिसत नव्हता’ अशी सबब महापालिकेने सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली ती फेटाळली. रस्त्यालगतच्या इमारतीने येणाऱ्या-जाणाऱ्याला इजा होऊ नये हे पाहणं मालकाचंच काम, दोष दिसो वा न दिसो. तुमचा दोष तर शेठ, हमरस्त्यावरून चमकताना दिसतो.

पडणाऱ्याची चूक असेल तर न्यायालय तेवढी भरपाई कापतं, हेही खरं. पण आपल्याकडे सगळी चूक आधीच त्याच्या नावावर लिहिलेली असते, नाहीतर पावसाच्या. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगरून 23 जण गेले. रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवलं पावसाकडे. पाऊस हा फार सोयीचा आरोपी. वकील देत नाही, अपिलात जात नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मेलेल्याच्या वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलं. तो आदेश सार्वजनिक रस्त्यांपुरता आहे. पण सरकारलाही खड्ड्याचे पैसे मोजावे लागत असतील, तर गल्ल्यावर बसलेल्या शेठने आपल्या पायरीचे का मोजू नयेत?

‘मालक जबाबदार नाही’ अशी पाटी काही जण लावतात. पाटीऐवजी त्या पैशात काथ्याचं पायपुसणं आलं असतं.

पुढच्या वेळी कुणी पडलं की आधी त्याला उचला. मग फरशी पुसली जाण्याआधी फोटो काढा, पाहणाऱ्यांची नावं लिहून घ्या, दवाखान्याची बिलं जपून ठेवा, आणि ‘जाऊ द्या, झालं ते झालं’ म्हणणाऱ्या शेठला वकिलाची नोटीस पाठवा.