सांडवा मोकळा करा!

साथींनो, 31 ऑगस्ट 2021 आठवतो? भिलदरीचा पाझर तलाव फुटला. "आभाळच फाटलं" म्हणून सगळे हात झटकून मोकळे! आभाळ पुन्हा फाटंल. तेव्हा पाणी जाईल कुठून? सांडव्यात झुडपं अन् गाळ असला, की पाणी मातीच्या बांधावरून चढतं अन् बांधच कापतं. मग गाळ शेतात, घाण विहिरीत. तेच पाणी लेकरांच्या पोटात. साफसफाईचं विचारलं, की एक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं. वनहक्क कायदा 2006, कलम 5 वाचा: पाणलोट अन् पाण्याच्या जागा राखायचा अधिकार वनहक्कधारकांचा अन् ग्रामसभेचा. मग वाट कुणाची बघता? पावसाळ्याआधी ग्रामसभा भरवा, बांध-सांडव्याच्या तपासणीचा ठराव करा, लेखी पोच घ्या. जमीन आपली, तर पाण्याची राखणही आपलीच!